पारख्याची पारख

माणसाची पारख असणे हा आपल्याकडे मोठा गुण मानला जातो. स्थळ पाहून आलेला घरातील वडीलधारा माणूस चार वाक्यांत निकाल सांगतो आणि त्याला कोणी पुरावा विचारीत नाही. पेढीचा मालक नव्या कारकुनाला दोन प्रश्न विचारून ठेवून तरी घेतो किंवा वाटेला तरी लावतो. शाळेतील जुने मास्तर पहिल्याच आठवड्यात सांगून टाकतात, की हा मुलगा नाव काढणार. त्याने नाव काढले म्हणजे मास्तरांच्या पारखीची आठवण गावभर निघते. ज्यांनी काढले नाही त्यांची यादी मात्र खुद्द मास्तरांपाशीही नसते. पारखीची कीर्ती अशी वाढते. तिच्या यशाला साक्षीदार पुष्कळ. अपयशाला एकही नाही.

साहित्याच्या प्रांतात याच गुणाला आपण रसिकता म्हणतो. दहा ओळी वाचताच कविता खरी की खोटी हे ज्याला कळते तो जातिवंत वाचक, अशी आपली धारणा आहे, आणि तीत काहीच तथ्य नाही असे नव्हे. परंतु ज्या गुणाच्या बळावर आपण दुसऱ्याच्या भाकरीचा, मानाचा आणि कधीकधी उभ्या आयुष्याचा निकाल लावतो, त्या गुणाची स्वतःची परीक्षा कधी होते काय? डॅनिएल काहनेमान या मानसशास्त्रज्ञाने आपले आयुष्य बहुतांशी याच प्रश्नापाठीमागे घालविले. २००२ साली त्याला अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. २०११ साली त्याचा 'थिंकिंग, फास्ट अँड स्लो' हा ग्रंथ प्रसिद्ध झाला, आणि मार्च २०२४ मध्ये, वयाच्या ९० व्या वर्षी, तो वारला. ग्रंथाला आता पंधराएक वर्षे होत आली आहेत. त्याच्याभोवतीचा गलबला पुष्कळ ओसरला आहे. त्यातील काही भिंती खचल्या आहेत, काही पूर्वीपेक्षा भक्कम दिसू लागल्या आहेत. अशा वेळी ग्रंथाकडे ग्रंथ म्हणून पाहणे सोयीचे असते.

या ग्रंथाचा सर्वांत मोठा शत्रू त्याचा खपच ठरला असे म्हणावे लागते. व्यवस्थापनाच्या वर्गांतून आणि कचेऱ्यांतील शिबिरांतून तो माणसाच्या मूर्खपणाची जंत्री म्हणून वाचला गेला. पहिल्या ऐकलेल्या आकड्याला मन कसे चिकटते, एका गुणावरून दहा गुण कसे गृहीत धरते, जे डोळ्यांसमोर आहे तेवढेच जग आहे असे कसे मानते, हे सारे पाठ करून बाहेर पडलेला गृहस्थ दुसऱ्या दिवसापासून आपल्या हाताखालच्या माणसांच्या चुका अधिक शास्त्रीय नावांनी ओळखू लागतो. वस्तुतः लेखकाचा हेतू नेमका याच्या उलट होता. ग्रंथातील जी प्रकरणे काळाच्या कसोटीला उतरली आहेत ती दुसऱ्याच्या चुकीची नाहीत. लेखकाच्या स्वतःच्या चुकीची आहेत. आणि जी उतरली नाहीत, ती तेथेच कोसळली आहेत जेथे लेखक साक्षीदाराची जागा सोडून कथेकऱ्याच्या आसनावर जाऊन बसला. माझ्या मते हा भेद ध्यानात घेतल्यावाचून या ग्रंथाचे मोल करताच येणार नाही.

प्रथम साक्षीदाराकडे वळू. इस्रायलच्या सैन्यात काहनेमान तरुणपणी मानसशास्त्र विभागात लेफ्टनंट होता. अधिकारी होऊ इच्छिणाऱ्या उमेदवारांची परीक्षा घेणे हे त्याच्याकडील एक काम होते. आठ अनोळखी उमेदवार एकत्र आणीत. त्यांची पदचिन्हे काढून अंगावर नुसते क्रमांक लावीत. आणि एक लांबलचक ओंडका त्यांच्यापुढे टाकून सांगत, की सुमारे सहा फुटी भिंतीपलीकडे सर्वांनी जायचे, पण ओंडका जमिनीला वा भिंतीला लागता कामा नये आणि माणसाचाही भिंतीला स्पर्श होता कामा नये. उन्हात चाललेली ही धडपड परीक्षक बाजूला बसून पाहत. कोण हुकूम सोडतो, कोण मुकाट्याने ऐकतो, कोण चिडतो, कोण थकलेल्याला हात देतो, हे सारे त्यांना स्वच्छ दिसे. माणसाचे अंतरंगच जणू उघडे पडले आहे, अशा खात्रीने ते शेरे लिहीत. काही महिन्यांनी प्रशिक्षण केंद्राकडून निकाल येत, आणि परीक्षकांचे भाकीत व उमेदवारांची प्रत्यक्ष कामगिरी यांचा एकमेकांशी जवळजवळ काहीच संबंध नाही असे आढळे.

एवढ्यावर ही हकीकत थांबली असती तर ती जंत्रीतील आणखी एक नोंद झाली असती. तिचा खरा गाभा पुढेच आहे. आपले भाकीत व्यर्थ ठरते हे कळल्यानंतरही, दुसऱ्या दिवशी नवी तुकडी ओंडक्यापाशी उभी राहिली म्हणजे परीक्षकांना तीच खात्री पुन्हा तितक्याच जोराने वाटे, असे काहनेमान नमूद करतो. ज्ञान एका खोलीत आणि खात्री दुसऱ्या खोलीत. मध्ये दरवाजाच नाही! खात्री ही सत्याची खूण नसून मनात जुळलेल्या गोष्टीच्या सुसंगतपणाची खूण आहे, हा त्याचा सिद्धांत या ओंडक्यापाशी जन्मला. सिद्धांत मांडणारे पुष्कळ असतात. परंतु सिद्धांताचा पहिला आरोपी म्हणून स्वतःला पिंजऱ्यात उभे करणारा लेखक विरळा.

आपल्या वाचकाला हा ओंडका तितकासा परका वाटू नये. ही परीक्षापद्धती दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश सैन्याने बसविली, आणि तिचीच एक शाखा आपल्या सैन्याच्या निवड मंडळांत आजही नांदते आहे. खडकवासल्याच्या प्रबोधिनीचे स्वप्न पाहणारी मुले लेखी परीक्षा उत्तीर्ण झाली, की छातीवर क्रमांक बांधून फळ्या, दोर आणि बांबू घेऊन असेच अडथळे ओलांडतात. मात्र आपल्याकडील मंडळांत एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. मानसशास्त्रज्ञ, मैदानावरील परीक्षक आणि मुलाखत घेणारा अधिकारी असे तिघे उमेदवाराला आपापल्या वाटेने पाहतात, आणि अखेरच्या दिवशीच्या बैठकीपर्यंत आपले मत एकमेकांना सांगत नाहीत. या एवढ्याशा नियमात काय साठले आहे ते पुढे स्पष्ट होईल.

१९५५ साली, वयाच्या एकविसाव्या वर्षी, काहनेमानकडे भरती झालेल्या जवानांच्या मुलाखतींची पद्धत ठरविण्याचे काम आले. तोपर्यंतची रीत अशी होती, की मुलाखत घेणाऱ्याने पंधरावीस मिनिटे मोकळेपणाने बोलावे आणि माणसाविषयी एक समग्र मत बनवावे. ही मते निरुपयोगी ठरली होती. पॉल मील या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाचे एक लहानसे पुस्तक १९५४ साली निघाले होते. अनुभवी तज्ज्ञाचे भाकीत आणि चार आकड्यांची साधी बेरीज यांची तुलना करणारे वीसेक अभ्यास त्याने तपासले होते, आणि बेरीज तज्ज्ञाला क्वचितच हार जाते असे दाखविले होते. ते वाचून काहनेमानने समग्र मतच रद्द केले. सहा गुण निवडले. प्रत्येक गुणासाठी वस्तुस्थितीचे साधे प्रश्न ठरविले, जसे की आजवर किती नोकऱ्या केल्या, कामावर वेळेवर जात होतास काय, मित्रांना किती वेळा भेटतोस. आणि एका गुणाचे एक ते पाच गुणांक लिहून झाल्याखेरीज दुसऱ्या गुणाकडे वळायचे नाही, असा दंडक घातला.

मुलाखत घेणारे खवळले. तुम्ही आमची यंत्रे करीत आहात, अशी त्यांची तक्रार होती. तक्रार समजण्यासारखी आहे; ज्याला आपण आपली पारख समजतो तीच कोणी काढून घेतली तर माणसाला आपण उघडे पडल्यासारखे वाटते. तेव्हा काहनेमानने एक तडजोड केली. सहाही गुणांचे आकडे लिहून झाले, की मग डोळे मिटा, हा तरुण सैनिक म्हणून कसा दिसतो ते मनात आणा, आणि तुमचा म्हणून एक आकडा द्या. काही महिन्यांनी निकाल आले. सहा आकड्यांची बेरीज जुन्या समग्र मतापेक्षा पुष्कळ सरस ठरली. आश्चर्य असे, की डोळे मिटून दिलेला तो शेवटचा आकडाही बेरजेइतकाच खरा ठरला! काहनेमानने मग अंतिम सूत्रात त्याला बेरजेइतकेच वजन दिले. नोबेल पारितोषिकानंतर तो त्या तळावर गेला, तेव्हा सुमारे ४५ वर्षांनंतरही मुलाखतीच्या अखेरीस 'डोळे मिटा' असे सांगण्याची प्रथा तेथे चालू होती.

ग्रंथातील हे प्रसंग मी मुद्दाम सविस्तर सांगितले, कारण पुष्कळ वाचक ते वाचून पुढे जातात आणि त्यातील मर्म हातून निसटते. काहनेमान अंतःप्रेरणेचा वैरी आहे, असा एक समज रूढ झाला आहे. या प्रसंगात तर त्याने अंतःप्रेरणेला तिचे हरवलेले आसन परत मिळवून दिले आहे. मात्र ते पंगतीतील शेवटचे आसन आहे. प्रथम वेगवेगळे पाहा, लिहून ठेवा, आणि नंतर एकवट पाहा. तीच अंतःप्रेरणा मुलाखतीच्या आरंभी निरुपयोगी होती आणि अखेरीस उपयोगी ठरली. माणूस तोच, डोळे तेच; क्रम तेवढा बदलला. पारख ही देणगी नसून क्रम आहे, एवढे जरी या ग्रंथाने शिकविले असे मानले तरी त्याचे ऋण मोठे आहे.

हाच धागा त्याच्या उत्तरपत्रिकांच्या हकिकतीत आहे. प्राध्यापक असताना तो एका विद्यार्थ्याचे सर्व निबंध सलग तपाशी. पहिला निबंध चांगला असला, की दुसऱ्यातील मोघम वाक्याचाही तो चांगला अर्थ लावी. पहिला वाईट असला, की त्याच वाक्यापुढे लाल खूण उमटे. हे लक्षात आल्यावर त्याने सर्व विद्यार्थ्यांचे पहिले उत्तर आधी, मग सर्वांचे दुसरे, अशी पद्धत धरली. परिणाम काय झाला? एकाच विद्यार्थ्याला एका उत्तरात बरे आणि दुसऱ्यात अगदी कमी गुण पडू लागले, आणि काहनेमानची स्वस्थता गेली. पूर्वीची सुखद खात्री नाहीशी झाली. ही अस्वस्थताच आपण अधिक न्यायाने वागत असल्याची खूण आहे, असे तो लिहितो. निर्णय देताना ज्याला फार बरे वाटते त्याने सावध व्हावे, हा विचार कोणत्याही न्यायासनावर कोरून ठेवावा अशा योग्यतेचा आहे.

एका गुणाची प्रभा दुसऱ्या गुणांवर पडते, हे निरीक्षण काहनेमानचे नव्हे. एडवर्ड थॉर्नडाइकने १९२० साली सैन्यातील अधिकाऱ्यांनी आपल्या हाताखालच्या माणसांना दिलेले शेरे तपासले होते. शरीरयष्टी, बुद्धी, नेतृत्व आणि शील यांचे गुण वेगवेगळे द्यायचे असूनही ते एकमेकांशी संशय यावा इतके जुळत होते. ज्याची छाती रुंद त्याची बुद्धीही तल्लख, आणि चारित्र्यही धुतल्या तांदळासारखे! देवांच्या मस्तकामागील प्रभावलयाचे नाव थॉर्नडाइकने या चुकीला दिले. काहनेमानचे कर्तृत्व हे, की त्याने ते वलय स्वतःच्या लाल पेन्सिलीत पाहिले आणि ते पुसण्याची युक्तीही सांगितली.

आता दुसऱ्या काहनेमानकडे, म्हणजे कथेकऱ्याकडे वळले पाहिजे. मनाचे व्यापार समजावून सांगण्यासाठी त्याने दोन पात्रे उभी केली आहेत: एक चपळ, उतावीळ, गोष्टी जुळविण्यात पटाईत, दुसरे मंद, हिशेबी आणि काहीसे आळशी. ही पात्रे काल्पनिक आहेत हे तो स्वतःच बजावतो. रूपक म्हणून त्यांना कोणी हरकत घेऊ नये. मनाला दुसरा समजून त्याच्याशी बोलण्याची रीत आपल्या संतवाङ्मयात जुनीच आहे; समर्थांनी तर मनालाच उद्देशून श्लोक रचले. परंतु रूपकाला एक खोड असते. ते एकदा उभे राहिले, की त्याला रोज नवा पराक्रम लागतो. चपळ पात्राच्या पराक्रमांसाठी काहनेमानने ज्या प्रयोगांचा आधार घेतला, त्यांतील कित्येक पुढे पाण्यात विरघळले.

त्यांतील सर्वांत गाजलेला प्रयोग १९९६ साली न्यू यॉर्क विद्यापीठात झाला होता. वार्धक्य सुचविणारे शब्द असलेली वाक्ये जुळवून झाल्यावर विद्यार्थी बोळातून अधिक हळू चालू लागले, असा त्याचा निष्कर्ष होता. प्रयोगात तीसेक विद्यार्थी होते. या जातीच्या निष्कर्षांवर विश्वास ठेवण्यावाचून वाचकाला गत्यंतरच नाही, अशा आशयाचे विधान काहनेमानने आपल्या ग्रंथात केले. २०१२ साली ब्रसेल्सच्या संशोधकांनी तोच प्रयोग पुन्हा केला. चाल मोजण्याचे काम अवरक्त किरणांच्या यंत्राकडे दिले, तेव्हा परिणाम दिसेना. पुढे वेळ मोजणाऱ्या माणसांच्या हाती घड्याळ देऊन, विद्यार्थी हळू चालतील असे त्यांना आधी सांगून ठेवले, तेव्हा त्यांच्या घड्याळात विद्यार्थी हळू चालले! चाल विद्यार्थ्यांची मोजायची होती. मोजली गेली ती मोजणाऱ्याची अपेक्षा.

तुरुंगातून मुदतीआधी सुटकेचे अर्ज ऐकणाऱ्या इस्रायली न्यायाधीशांच्या अभ्यासाचीही गत थोडीफार अशीच. जेवणानंतर लगेच सुमारे ६५ टक्के अर्ज मंजूर होत आणि पुढच्या सुट्टीपूर्वी ते प्रमाण शून्यापर्यंत उतरे, ही हकीकत ग्रंथात आहे आणि ती ऐकून कोणाचेही मन हेलावेल. पण अर्ज कोणत्या क्रमाने पुढे येतात याची चौकशी इतरांनी केली, तेव्हा तो क्रम सोडत काढून लागलेला नसल्याचे आढळले. वकील नसलेल्या कैद्यांचे अर्ज बहुधा सुट्टीपूर्वी शेवटी येत. उपाशी पोटाचा काहीच परिणाम होत नसेल असे यावरून सिद्ध होत नाही. परंतु गोष्ट जितकी गोळीबंद दिसत होती तितकी ती नाही, हे मान्य करावे लागते.

येथे नियतीचा विनोद पाहण्याजोगा आहे. थोड्या नमुन्यावरून मोठे अनुमान काढण्याची सवय शास्त्रज्ञांनासुद्धा कशी असते, याविषयीचा काहनेमान आणि त्याचा मित्र एमॉस ट्वर्स्की यांचा लेख १९७१ सालचा आहे. ज्या खड्ड्यापाशी त्याने स्वतः पाटी रोवली होती त्याच खड्ड्यात तो चाळीस वर्षांनी पडला. २०१२ साली त्याने या विषयातील संशोधकांना जाहीर पत्र लिहून आपापले प्रयोग पुन्हा पडताळून पाहण्याची विनंती केली, आणि २०१७ साली अशा दुबळ्या प्रयोगांवर आपण नको इतकी भिस्त ठेवली हे उघडपणे कबूल केले. या कबुलीबद्दल त्याचे कौतुक झाले, आणि ते योग्यच होते. तथापि समीक्षकाला कौतुकापाशी थांबता येत नाही. प्रश्न असा, की तो फसला कशामुळे? अज्ञानामुळे नव्हे; हा विषय त्याच्याइतका कोणाला ठाऊक नव्हता. गर्वामुळेही नव्हे, स्वतःच्या चुका सांगण्याची त्याला हौसच होती. तो फसला, कारण सारे प्रयोग एकमेकांना साक्ष देत होते आणि गोष्ट फार सुरेख जुळत होती. ओंडक्यापाशी बसलेल्या लेफ्टनंटला जी खात्री वाटली होती तीच ही खात्री. उत्तरपत्रिका वेगवेगळ्या करून तपासण्याचा आपला नियम या प्रकरणी तो विसरला. एका प्रयोगाची प्रभा त्याने दुसऱ्यावर पडू दिली. यावरून निघणारा निष्कर्ष कठोर आहे. चुकीचे ज्ञान असणे हा चुकीवरचा उपाय नव्हे. नम्रता हाही नव्हे. उपाय असलाच तर तो व्यवस्थेत आहे, आणि ती व्यवस्था दर वेळी नव्याने पाळावी लागते.

याच अंगाने लिंडाच्या प्रसिद्ध कोड्याविषयीही दोन शब्द लिहिले पाहिजेत. लिंडा ३१ वर्षांची, अविवाहित, स्पष्टवक्ती आणि अतिशय हुशार आहे. विद्यार्थिदशेत सामाजिक न्यायाच्या प्रश्नांत तिने मन घातले होते. आता ती बँकेत रोखपाल असणे अधिक संभवनीय, की रोखपाल असून शिवाय स्त्रीमुक्तीच्या चळवळीत असणे अधिक संभवनीय? बहुसंख्य विद्यार्थ्यांनी दुसरे उत्तर दिले. गणिताच्या दृष्टीने ते अशक्य आहे, कारण दोन अटी पाळणाऱ्या बायका एक अट पाळणाऱ्यांपेक्षा अधिक असूच शकत नाहीत. गणित निर्विवाद आहे. परंतु कथा वाचणाऱ्याला येथे काही म्हणायचे आहे. लेखक पात्राच्या कपाळावरील व्रणाचा उल्लेख करतो, तेव्हा वाचक तो व्रण गाठीशी बांधून पुढे चालतो. सांगितलेले व्यर्थ सांगितलेले नाही, हा सांगणारा आणि ऐकणारा यांच्यातील जुना करार आहे. लिंडाची सगळी हकीकत सांगून झाल्यावर ती निरर्थक होती असे म्हणणे म्हणजे तो करार मोडणे होय. तसल्या शंभर बायकांपैकी किती, असा प्रश्न केला म्हणजे चूक पुष्कळ कमी होते, हेही प्रयोगांत दिसले आहे. म्हणजे ऐकणाऱ्याला मोजता येत नाही असे नव्हे. त्याला गोष्ट सांगितली म्हणून तो गोष्ट ऐकत होता. गोष्टीची ओढ ही माणसाची खोट तेवढी नाही, ती त्याची भाषाही आहे. हे भान या ग्रंथात कमी पडते, आणि म्हणूनच बहुधा लेखक स्वतः गोष्टीच्या आहारी गेला तेव्हा त्याला ते जाणवले नाही.

ग्रंथातील कचेरीचा एक प्रसंग मात्र या सर्वांवर मात करणारा आहे. गुंतवणुकीचा सल्ला देणाऱ्या एका पेढीने २५ सल्लागारांच्या आठ वर्षांच्या कामगिरीचे आकडे काहनेमानला दिले. वर्षाअखेरचे बक्षीस याच आकड्यांवरून ठरत असे. एका वर्षीचा हुशार सल्लागार दुसऱ्या वर्षीही हुशार ठरतो काय, हे पाहण्यासाठी त्याने वर्षांच्या सर्व जोड्या तपासल्या. संबंध जवळजवळ शून्य निघाला. पेढी कौशल्य समजून नशिबाला बक्षीस देत होती! त्याने हे वरिष्ठांना सांगितले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले, कोणी वाद घातला नाही, आणि कारभार पूर्ववत चालू राहिला. या शांततेत मला ग्रंथातील सर्वांत खरी शोकांतिका दिसते. पारख चुकते हे सिद्ध करणे सोपे आहे. ज्या घरातील चूल त्या पारखीवर पेटते तेथे ते ऐकले जाणे कठीण. ऑलिव्हिए सिबोनी आणि कास सन्स्टीन यांच्यासह २०२१ साली लिहिलेल्या 'नॉइज' या ग्रंथात त्याने विमा कंपनीतील अधिकाऱ्यांचा असाच पडताळा दिला आहे. एकाच प्रकरणावर दोन अनुभवी अधिकाऱ्यांच्या आकड्यांत १० टक्क्यांच्या आसपास फरक असेल असा वरिष्ठांचा अंदाज होता. प्रत्यक्षात तो ५५ टक्के भरला. आपले प्रकरण कोणत्या टेबलावर पडले यावर ग्राहकाचे नशीब ठरत होते, आणि त्या कचेरीत आजवर कोणाला तसे वाटलेही नव्हते.

हे सारे साहित्याच्या नियतकालिकात कशासाठी, असे कोणी विचारील. त्याला उत्तर असे, की आपलाही धंदा पारखीचाच आहे. काहनेमानच्या कितीतरी आधी, आय. ए. रिचर्ड्सने केंब्रिजच्या विद्यार्थ्यांना कवींची नावे झाकून कविता दिल्या आणि त्यांची मते लेखी मागविली. १९२९ सालच्या 'प्रॅक्टिकल क्रिटिसिझम'मध्ये अशा तेरा कवितांवरील मते आहेत. डन आणि हॉपकिन्स यांच्या कविताही त्यांत होत्या. नावाचा आधार सुटताच शिकलेसवरलेले वाचक कसे चाचपडू लागले, हे तेथे पानोपानी दिसते. आपण त्या प्रयोगातून 'संहितेचे सूक्ष्म वाचन' तेवढे घेतले, आणि नाव झाकण्याची गोष्ट सोयीस्करपणे बाजूला ठेवली. संपादकाच्या टेबलावर कथा येते ती नावासकट येते. पारितोषिक समितीतील ज्येष्ठ सभासद प्रथम बोलतात आणि मग बाकीच्यांना तेच मत आपलेही होते असे आठवू लागते.

अर्थात येथे एक खरी अडचण आहे आणि ती झाकून चालणार नाही. सैनिकाचे सहा गुण वेगळे करता येतात. कवितेचे करता येतात काय? लय शंभरपैकी किती, प्रतिमा किती, आशय किती, अशी बेरीज करणारा समीक्षक हास्यास्पद ठरेल, कारण कवितेत लय हीच प्रतिमा असते आणि प्रतिमा हाच आशय असतो. शिवाय सैनिकाच्या बाबतीत काही महिन्यांनी निकाल येतो. कवितेचा निकाल पन्नास वर्षांनी येतो आणि तोही पुन्हा कोणाच्या तरी पारखीतूनच येतो. तेव्हा काहनेमानची मोजपट्टी जशीच्या तशी उचलून कवितेला लावणे हा अडाणीपणा होईल. ज्या प्रदेशात निसर्ग स्वतः बरोबर-चूक सांगतो त्या प्रदेशात ती शोभते.

पण मोजपट्टी टाकली तरी क्रम उरतो. तिघा परीक्षकांनी बैठकीपूर्वी आपापले मत लिहून मिटून ठेवावे, हे सैन्याच्या निवड मंडळाला जमते तर वाङ्मयाच्या समितीला का जमू नये? हस्तलिखितावरील नाव झाकता येते. कवितेविषयी निकाल देण्यापूर्वी तिच्यात प्रत्यक्ष काय आहे याचे चार वाक्यांत निवेदन लिहिता येते. आणि हे सगळे झाल्यावर डोळे मिटता येतात. त्या वेळी मनात जे उमटेल त्याला रसिकता म्हणायला माझी हरकत नाही. किंबहुना त्याच क्षणी ती रसिकता या नावाला पात्र होते. या क्रमाने रसिकतेचा अपमान होत नाही. कष्टाने मिळविलेले अन्न जसे गोड लागते तशी तीही अधिक खरी होते.

काहनेमानचा ग्रंथ सलग निर्दोष नाही. त्याची काही प्रकरणे आता सावधगिरीची सूचना लावूनच विद्यार्थ्यांच्या हाती द्यावी लागतील. परंतु जो ग्रंथ आपल्या दोषांचे मोजमाप करण्याची साधने आपल्याच पानांतून वाचकाला देतो, त्याला केवळ दोषांवरून मोडीत काढता येत नाही. ओंडका, उत्तरपत्रिका आणि डोळे मिटून दिलेला आकडा ही तीन चित्रे त्यातील शेकडो प्रयोगांपेक्षा अधिक टिकतील, असे मला वाटते. कारण निवाडा देणाऱ्याच्या खोलीबाहेर बाकावर नेहमी कोणीतरी बसलेले असते. आतल्या माणसाला किती खात्री वाटते याच्याशी त्याला कर्तव्य नसते. आपल्याला नीट पाहिले गेले की नाही, एवढेच त्याला हवे असते. आणि तेवढे मागण्याचा त्याला अधिकार आहे.